दुसऱ्या ड्रायव्हरचा रकाना

"आणि हितं गाडी बंद पडली, तर जवळचा डेपो कुठला?" ह्यांनी पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवून विचारलं.

तेजूनं माझ्याकडं बघितलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खा नामिबिया अंथरला होता. पंख्यानं उडू नये म्हणून उत्तरेच्या सरहद्दीवर मेतकुटाची बरणी आणि दक्षिणेला लिंबाचं लोणचं ठेवलं होतं. पेन्सिल टेकली होती तिथं गाव नव्हतं, नदी नव्हती, पिवळ्या रंगातून गेलेली एक बारीक रेघ तेवढी होती.

"आप्पा, वाळवंट आहे ते. तिथं डेपो कुठला असणार?"

"मग ह्ये शेड्यूल मंजूर कुणी केलं?"

शेड्यूल तेजूनंच केलं होतं. ती आमची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. त्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि तिनं ठरवलं, आई-आप्पांना परदेश दाखवायचा. यात्रा कंपनीच्या झेंड्यामागं पळत फिरणं तिला मान्य नव्हतं. गाडी भाड्यानं घ्यायची आणि आपली आपण चालवायची. तेरा दिवस, अडीच हजार किलोमीटर, त्यातले निम्म्याहून जास्त खडीचे रस्ते. जावईबापूंना रजा नव्हती, म्हणून आम्ही तिघंच जाणार होतो.

देश मात्र मी निवडला होता. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. वाळवंटाचा धडा आला की वारा वाळूच्या टेकड्या कशा रचतो नि कशा मोडतो, हे मी इतक्या खात्रीनं सांगायची की पोरांना वाटावं, बाई कालच तिकडून आल्यात. प्रत्यक्षात माझ्या डोळ्यांनी पाहिलेली वाळू म्हणजे आमच्या घराच्या बांधकामाला आणलेली दोन ब्रास. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, वाळवंटात वाळूचा आवाज येतो का? मी म्हटलं, येतो. म्हटलं खरं, पण घरी येऊन माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून मला ते वाळवंट बघायचं होतं. दागिना नको, पैठणी नको, मला फक्त तिथं जायचं होतं.

ह्यांचं सांगायचं तर, हणमंतराव यादव, कराड डेपो, सत्तावीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. सत्तावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या शोकेसमध्ये तेजूच्या शाळेच्या कपांच्याही वरच्या फळीवर. गावात लग्नाला गेलो तरी लोक मला "यादव ड्रायव्हरांच्या मंडळी" म्हणूनच ओळखायचे, एकतीस वर्षांच्या माझ्या नोकरीची कुणाला पडलेली नसायची. तेजूला ह्यांनी अठराव्या वर्षी आमच्या जुन्या मारुतीवर गाडी शिकवली. मला कधी नाही. मी विचारलं की म्हणायचे, तुला काय गरज, मी आहे की.

गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा एक फॉर्म होता. त्यात दोन ड्रायव्हरांची नावं भरायची, दोघांचाही परवाना जुना हवा, आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो फॉर्म गेलाच पाहिजे. एवढं अंतर एकटीला झेपणार नाही, असं तेजूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दुसरा ड्रायव्हर नाही तर सहल नाही. पण दुसरा ड्रायव्हर कोण हा प्रश्नच नव्हता. तो शोकेसच्या वरच्या फळीवर बसला होता.

आणि तरी ह्यांचं काही ना काही निघायचंच. तेजू दर रविवारी पुण्याहून यायची, नकाशा अंथरायची, आणि हे उभ्यानंच एकेक खोट काढायचे. एका रविवारी म्हणे पेट्रोल पंप फार लांब लांब आहेत. पुढच्या रविवारी टायरची हवा कमी करून वाळूत गाडी घालणं त्यांच्या तत्त्वात बसेना. मग म्हणे, तिकडची माणसं मराठी बोलत नाहीत, पंक्चरवाल्याला काय सांगणार? तेजूनं सांगितलं की तिथं दोन जादा चाकं देतात आणि चाक आपणच बदलायचं असतं. हे म्हणाले, ड्रायव्हरनं चाक बदललं तर मेकॅनिकनं काय करायचं?

"नाचता येईना अंगण वाकडं," मी एकदा कणीक मळता मळता म्हणाले. सहज म्हणाले. हे उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. माणसाला एवढं झोंबायचं कारण मला कळेना.

त्याच सुमारास ह्यांनी जप सुरू केला. आयुष्यात कधी देवापुढं दोन मिनिटं उभे न राहिलेले हे गृहस्थ, सकाळी आंघोळ झाली की देवघराकडं तोंड करून डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं. "ट, ग, म... र, ल, ख, प... ड, न, घ, त, स." मला वाटलं, कुणा महाराजांनी बीजमंत्र दिला असेल, निवृत्तीनंतर माणसं अशी वळणाला लागतात. मी आपली उदबत्ती जास्तीची लावली आणि त्या बाबतीत गप्प बसले.

कारण झाकायला माझ्याकडंही होतं.

त्याचं असं झालं. कामं वाटताना तेजूनं माझ्याकडं खाण्यापिण्याचं खातं दिलं. भाजणी, मेतकूट, दशम्या, चटण्या. हे म्हणाले, बरोबर आहे, तिला दुसरं काय जमणार. तोंडातून निघालं आणि विसरले. मी नाही विसरले. नकाशा मला वाचता येत होता, दिशा मला कळत होत्या, देश माझ्या डोक्यातून निघालेला, आणि मी मागं बसून दशम्या वाढणार? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी कपाट उघडून माझा परवाना काढला. हो, परवाना माझ्याकडं होता. पंधरा वर्षांपूर्वी शाळेत जायला मी लुना घेतली तेव्हा काढलेला. तेव्हा सगळेच दुचाकीबरोबर चारचाकीचाही काढून ठेवायचे, असू दे, लागतोय कशाला तरी म्हणून. चारचाकीच्या परीक्षेला मी ट्रेनिंगच्या गाडीत बसून वीस पावलं सरळ गेले होते. खाली ब्रेक-क्लचवर पाय शेजारी बसलेल्या मास्तरांचे होते, मी फक्त चाक धरून समोर बघत होते. पास झाले. त्यानंतर मोटारीच्या चाकाला माझा हात लागला नव्हता, पण कागदावर बघाल तर मी पंधरा वर्षांची मुरलेली ड्रायव्हर होते.

मुमताज मुल्ला आठवीला माझ्या वर्गात होती. नकाशात पूर्व-पश्चिम कायम उलटी करायची, म्हणून मी तिच्याकडून "पूर्व उजवीकडे असते" हे पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. आता तिचं स्वतःचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. मी जाऊन उभी राहिले तर आधी तिला वाटलं, लेकीचं नाव घालायला आलेय. खरं काय ते कळल्यावर तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाई, शिकवीन. पण माझ्या गाडीत बाई मी."

घरी मी सांगितलं, भजनी मंडळात नाव घातलंय, रोज चार ते पाच. हे म्हणाले, बरं झालं, वेळ जाईल.

पुढचे दोन महिने मी चार ते पाच मुमताजच्या शिव्या खाल्ल्या. ती डाव्या बाजूला बसून एक हात कायम हँडब्रेकवर ठेवायची, शिष्याचा भरवसा नाही म्हणायची. क्लच असा झटकन सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची. साखर कारखान्यामागच्या मुरमाच्या रस्त्यावर तिनं माझ्याकडून गाडी पन्नास वेळा मागं घेऊन लावून घेतली. बरोब्बर पन्नास. हिशेब चुकता झाला होता. पण एक दिवस खडीवर गाडी बाजूला सरकली, मी न घाबरता सावरली, तेव्हा मुमताजनं हात हँडब्रेकवरून काढून मांडीवर ठेवला. मला मेरिटचं पत्रक मिळाल्यागत झालं.

संध्याकाळी हे विचारायचे, आज काय घेतलं मंडळात? मग जुना कुठलातरी अभंग मला म्हणून दाखवावा लागायचा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, इतके दिवस जातेस, पण गळा काय सुधारेना. मी म्हणायची, साधना आहे, वेळ लागतो. मनात उकळ्या फुटत होत्या. शेवटच्या रविवारी, फॉर्म भरायच्या ऐन वेळी, दुसऱ्या ड्रायव्हरच्या रकान्याखाली तिसरा रकाना काढून मी माझं नाव घालणार होते. ह्यांचं तोंड कसं होईल, हे मी रोज भांडी घासताना बघत होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी नवी अट काढली. ह्यांच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक बसतं, हे तरुणपणी त्यात फौजदार व्हायचे. म्हणाले, रंगीत तालमीशिवाय नाटक लावत नाहीत. आधी असल्याच रखरखीत मुलखात, असल्याच गाडीतनं, सामानसुमानासकट तालीम होऊ दे, मग बघू. त्यांचा अंदाज होता की पोरगी कंटाळून नाद सोडेल. पण ती त्यांचीच पोरगी. बुधवारी तिच्या मैत्रिणीची पांढरी बोलेरो दारात उभी. बरोबर चिठ्ठी. "माण तालुका तुमच्यासाठी वाळवंट. शुक्रवारी दोघं जाऊन या. मातीच्या रस्त्यावरचा व्हिडिओ काढा. रविवारी येते."

ह्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. गुरुवारी दिवसभर कुठंतरी जाऊन आले, पेन्शनचं काम होतं म्हणाले, आणि आल्यावर डॉक्टरांचा दाखला टेबलावर ठेवला. गाडी चालवायला डोळे ठणठणीत. परदेशात चालवायच्या परवान्याला तो लागणार होता. मी म्हटलं, चला, म्हणजे स्वारी आली एकदाची मार्गावर.

शुक्रवारी सकाळी निघालो. टपावर ताडपत्री, मागं चाळीस लिटर पाणी, दोन जादा चाकं, पाच दिवसांच्या दशम्या. ह्यांचा हुकूम होता की वाटेत हॉटेलात थांबायचं नाही, वाळवंटात हॉटेल नसतं. वडूजच्या रस्त्याला लागलो तसं माझ्या लक्षात आलं की गाडी तिसाच्या वर जात नाही. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारून पुढं जात होते. परक्याची गाडी म्हणून जपत असतील, असं मी धरून चालले. सारखं विचारत होते, "डावीकडनं कोण हाय का बघ गं." मी क्लीनर असल्यासारखी सांगत होते, कोणी नाही, जा.

दहिवडी मागं टाकून आम्ही आत मातीच्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना उघडं रान, बाभळी, ऊन मी म्हणत होतं. ह्यांनी चाक बदलायची तालीम काढली. मोकळा मुलूख बघून गाडी उभी केली, चारी दिशांना चिटपाखरू नव्हतं. जॅक लावला आणि पाच मिनिटांत सात माणसं गोळा झाली. कुठून आली देव जाणे. एकानं जॅक हातातून घेतला, दुसऱ्यानं पान्हा घेतला, एक म्हातारबा नुसता सल्ला द्यायला आला होता. बंद न पडलेल्या गाडीचं चाक आम्ही का काढतोय, हे कुणालाच पटेना. तेवढ्यात एकीनं किटलीतून चहा आणला. आमचं चाळीस लिटर पाणी तसंच मागं बसून राहिलं. महाराष्ट्रात वाळवंटाची तालीम होत नाही, एवढं त्या दिवशी मला समजलं.

पुढं निघालो. रस्ता जरा उतरणीचा होता, गाडी बऱ्यापैकी वेगात आली. डावीकडच्या बाभळींतून मेंढरांचा कळप रस्त्याकडं येताना मला दिसला. शंभरएक तरी असतील. पुढचा एडका रस्त्यावर पोचलाच होता. गाडी हळू होईना.

"अहो, मेंढरं."

आणि सत्तावीस वर्षं ओरखडा न पाडलेला माझा नवरा म्हणाला, "कुठं?"

माझा हात आपोआप गेला. मी हँडब्रेक ओढला. ह्यांचाही पाय तोवर ब्रेकवर पडला, गाडी फरफटत तिरकी झाली आणि एडक्यापासून दोन हातांवर थांबली. इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसेपर्यंत मेंढरं आमच्या पुढून निवांत चालली होती. कळपामागून आलेली धनगरीण काचेपाशी वाकली, ह्यांच्याकडं बघून मायेनं म्हणाली, "नवीन शिकताय व्हय, पाव्हणं? शिका, शिका." आणि गेली.

ह्यांनी हँडब्रेकवरच्या माझ्या हाताकडं बघितलं.

"हँडब्रेक वढायला तुला कुणी शिकवलं?" ह्यांनी विचारलं.

"मेंढरं कुठं म्हणून का विचारलंत?" मी विचारलं.

चोराला चोर भेटला होता आणि पहिलं कोणी बोलायचं ते ठरत नव्हतं. शेवटी मीच बोलले. भजनी मंडळ, मुमताज, कारखान्यामागचा रस्ता, सगळं सांगून टाकलं. हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन्ही हात चाकावर तसेच धरून म्हणाले, "डावा डोळा गेलाय माझा. वरीस झालं."

ह्यांच्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी डोळ्याच्या आतल्या पडद्यात रक्त उतरलं होतं. मला पेन्शनचं काम सांगून हे एकटेच दवाखान्यात जात होते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, परत येणार नाही आणि गाडी चालवू नका. म्हणून आमची मारुती वर्षभर कापडाखाली झाकलेली, बॅटरी गेलीय म्हणून. आणि गुरुवारचा दाखला? तो दुसऱ्या दवाखान्यातला. तिथल्या बाकावर चार-पाच दिवस बसून ह्यांनी उजव्या डोळ्यानं तक्त्यावरची अक्षरं पाठ केली होती. ट, ग, म. र, ल, ख, प. ज्याला मी उदबत्ती लावत होते तो मंत्र तो होता.

वर्षभर हा माणूस चहा कपाच्या डावीकडं सांडत होता आणि मी हात धड नाही म्हणून बोलत होते. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा तर म्हणायची, बघून चाला की. एका घरात राहून मला कळलं नाही.

"मेंढरं होती म्हणून," ते म्हणाले. "शाळेची पोरं असती तर?" त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "तेजूला सांगू नको. पाठ धरली म्हणून सांगू. सहल रद्द करून टाकू."

इतका वेळ मला त्यांची कीव येत होती. ती तिथल्या तिथं आटली. मला राग आला, आणि तो मी गिळला नाही.

"दाखला आणायला खोटं बोललात, गाडीत बसवलंत तेव्हा खोटं बोललात, आणि आता माझं वाळवंट तुम्ही पाठदुखीत घालवणार? डोळा गेला यात तुमची काय चूक होती? लपवलंत ही चूक. मी तुमची चहाडी करणार नाही, आणि तुमच्यासाठी खोटंही बोलणार नाही. रविवारी लेक येईल. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"बिल्ला राहील का मग माझा?"

"मला काय विचारता. सरका."

"आं?"

"उतरा आणि इकडं येऊन बसा. घरी कोण नेणार गाडी, तो एडका?"

ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढून फिरून आले आणि डावीकडं बसले. मी सीट पुढं ओढली, आरसा माझ्याजोगा केला. गाडी उडी न मारता निघाली. कराडपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर ती मीच चालवली. मध्ये मातीचा रस्ता संपायच्या आत ह्यांनी खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ तेवढा काढला. हुकूम होता ना लेकीचा. त्यात समोरचा रस्ता आला, दोन खड्डे आले, आणि निम्म्या काचेवर ह्यांचा अंगठा आला. चालवणारं कोण ते काही आलं नाही.

शनिवारी हे दिवसभर बाहेर पायरीवर बसून होते. मी दोनदा शोकेस पुसली, दोनदा बिल्ला उचलून जागेवर ठेवला. काय बोलतील याचा मला अंदाज येत नव्हता. खरं सांगायचं तर, पाठदुखीच निघणार असं मनानं धरलं होतं. त्या माणसाकडं त्या बिल्ल्याशिवाय काय होतं? मी पिशवीतली भाजणी परत डब्यात ओतून ठेवली.

त्या रविवारला आता बारा वर्षं झाली. तेजू आली ती हसतच. तिनं व्हिडिओ पाहिला होता. टेबलावर लॅपटॉप ठेवून तिनं तो आम्हाला पुन्हा दाखवला, खड्ड्यापाशी थांबवला, पुन्हा मागं नेला.

"आप्पा, हा खड्डा काय चुकवलाय तुम्ही. गाडीला जराही हिसका नाही. आणि मी उगाच काळजी करत होते की तुमची सवय मोडली असेल." तिनं छापून आणलेला फॉर्म पुढं घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. "चला, झालं. दुसरा ड्रायव्हर, हणमंत..."

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत यावं की नको कळेना. ह्यांनी काहीही न बोलता सुद्धा काम होणार होतं. गप्प बसले असते तर नाव त्यांचं, शाबासकी त्यांची, आणि पाठदुखी काढायला सहलीपर्यंत तीन महिने होते.

"थांब," हे म्हणाले. "ती गाडी तुझी आई चालवत होती."

तेजू हसली. माझ्याकडं बघितलं, मी हसत नव्हते हे तिला दिसलं, मग तिनं पेन खाली ठेवलं.

ह्यांनी उजवा तळहात उचलून उजव्या डोळ्यावर ठेवला. "आता तू कुठं बसलीयास ते मला दिसत न्हाई." हात तसाच ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, पडदा, तक्ता, दाखला, मेंढरं, आणि माझं चार ते पाचचं भजनी मंडळही. बिल्ल्याचं मात्र काही बोलले नाहीत. सांगून झाल्यावर हात खाली घेतला तेव्हा तेजूचे डोळे भरले होते. ती उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, जाऊ दे आप्पा, आपण नंतर कधीतरी जाऊ. मी एकटी अडीच हजार किलोमीटर नाही चालवू शकत.

"एकटी कशाला? ही हाय की."

"आप्पा, आई आत्ता दोन महिन्यांत शिकलीय. तिथं सगळे खडीचे रस्ते आहेत. परवान्याच्या परीक्षेला ती वीस पावलं..."

"गप. मी सांगतो ते ऐक." डेपोचा कंट्रोलर समोर बसलाय अशा बेतानं ते खुर्चीत ताठ झाले. "दहिवडीपासनं कराडपातूर मी तिच्या शेजारी बसलो होतो. पाय काय सत्तावीस वर्षांची सवय सोडत न्हाई. माझ्या बाजूला खाली नुसता पत्रा, पण मी त्यावर अकरा वेळा ब्रेक दाबला. मोजलेत मी." ते थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "अकराच्या अकरा वेळा तिनं माझ्याआधी दाबला होता."

हातातला ट्रे मी आधी ओट्यावर नेऊन ठेवला. मग तिथंच पदर तोंडाला लावून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ह्यांनी तेजूच्या हातातून पेन घेतलं होतं आणि अर्धवट लिहिलेलं "हणमंत" आडवी रेघ मारून खोडलं होतं. त्याच्यापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं माझं पूर्ण नाव लिहिलं. ते रकान्याच्या जरा उजवीकडं बाहेर गेलं. तो कागद आम्ही तसाच पाठवला.